केळ्याएवढे पोट

रजेचे अर्ज हाताळणे हे माझ्या रोजच्या कामातले. वीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी केल्यावर कुठे काय लिहावे आणि कुठे काय लिहू नये, हे हाताला आपोआप कळते. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात स्वतःच्या रजेचा अर्ज भरताना मी कारणाच्या रकान्यात 'पोटाची शस्त्रक्रिया' एवढेच लिहिले. खोटे काहीच नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढायचा आहे असे लिहिले असते, तर अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचण्याआधी सगळ्या खात्यात पोचला असता.

कचेरीचे काम असे एका ओळीत भागले. घरी मात्र दोन साहेब बसले होते, एक नऊ वर्षांची आणि एक पाच वर्षांचा. त्यांना अशी त्रोटक टिपणी चालत नाही.

आधी थोडे माझ्याविषयी. उंची पाच फूट एक इंच आणि वजन १०४ किलो. धाकट्याच्या बाळंतपणात जडलेली साखर पुढे गेलीच नाही. गोळ्यांवरून इन्सुलिनवर आले. रात्री घोरता घोरता श्वास अडायचा आणि मी दचकून उठायचे. पणजीच्या बसस्टँडवरून कचेरीपर्यंत चालत गेले की जिन्याच्या पहिल्या वळणावर फायली शोधत असल्यासारखे करून उभी राहायचे. उपाय केले नाहीत असे नाही. भात सोडला, पुन्हा धरला. पोदेराला दोन महिने दारातून परत पाठवले. आठ किलो उतरायचे आणि दहा किलो चढायचे. शेवटी मधुमेहाच्या डॉक्टरांनीच शस्त्रक्रियेचा विषय काढला.

सर्जनने कागदावर जठराचे चित्र काढून दाखवले. फुगलेल्या पिशवीसारखे जठर. त्याचा बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढायचा आणि उरलेल्याची एक अरुंद नळी ठेवायची. इंग्रजीत त्याला 'स्लीव्ह' म्हणतात, म्हणजे बाही. "साधारण केळ्यासारखे दिसते," ते म्हणाले. पोट मोठे उघडत नाहीत, चार-पाच लहान भोकांतून दुर्बिणीने करतात. आणि कापून काढतात त्या भागातच भुकेचा निरोप मेंदूला पोचवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः तयार होते, त्यामुळे भूकही उतरते. मी मान हलवत होते. डोक्यात एकच विचार, मुलांना काय सांगायचे?

घरात मतदान झाले आणि ठराव पास झाला की मुलांना काही सांगायचे नाही. सासूबाई म्हणाल्या, "लहान पोरांना काय कळतं? उगीच घाबरतील." यजमानांचेही तेच. मलाही बरेच वाटले. आई पाच दिवस कचेरीच्या ट्रेनिंगला जाणार, असे ठरले.

पण शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे पातळ आहारावर राहायचे होते. लठ्ठ माणसाच्या यकृतात चरबी साठून ते मोठे झालेले असते आणि नेमके जठराच्या वर येते. या आहाराने ते थोडे आक्रसते आणि सर्जनला वाट मिळते. शास्त्र ठीक आहे, पण महिना मे. घरात मानकुराद पिकलेले, शेजाऱ्यांकडून आलेले फणसाचे गरे, मुले सुट्टीत दिवसभर घरी, आणि मी प्रथिनांची पावडर पाण्यात ढवळून पीत बसलेली. थोरली दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "ट्रेनिंगक वचपाक आंबे खावपाचे नात?" मी म्हटले, "पोट बिघडले आहे." म्हणजे आता दोन थापा झाल्या.

तिसऱ्याची गरज पडली नाही. रविवारी मुलांची मावळण आली. मुले आतल्या खोलीत आहेत असे समजून तिने मला समजावायला सुरुवात केली. "असली ऑपरेशनं कशाला गं? ती इजिप्तची बाई मुंबईत आणली होती, आठवते ना? काय झाले तिचे?" इमान अहमदची ती बातमी २०१७ साली सगळ्या वर्तमानपत्रांत होती. सुमारे पाचशे किलो वजनाची ती बाई मुंबईत शस्त्रक्रिया झाल्यावर पुढच्या उपचारांसाठी अबुधाबीला गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारली. तिला इतरही अनेक आजार होते, वर्षानुवर्षे ती अंथरुणाला खिळून होती. पण दाराआड उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला यातले एवढेच कळले की आईसारखेच ऑपरेशन केलेली बाई मेली.

रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, "आई, तूं मरतली?"

आमच्या घरात बोलणे कोकणीत आणि लिहिणे मराठीत. हे तीन शब्द मी मराठीत लिहून पाहिले, पण ते तिथले नव्हेत. ते तसेच ठेवते.

मी उठून दिवा लावला. धाकट्यालाही जाग आली. बरेच झाले, म्हटले एकदाच काय ते होऊ दे. आधी कबूल केले की ट्रेनिंग नाही, आई खोटे बोलली. मग वहीच्या मागच्या पानावर सर्जनने काढले होते तसे चित्र काढले. माझ्या जुन्या ब्लाऊजची बाही आणून दाखवली. "एवढे काढायचे, एवढे ठेवायचे. उरलेले केळ्यासारखे दिसते."

"कसलें केळें? मोयरें?" धाकटा.

मोयऱ्याचे केळे हातभर. नाही रे, म्हटले, साधे. त्याने पुढे विचारले की काढलेले पोट कुठे ठेवतात. तपासायला प्रयोगशाळेत पाठवतात. ते परत वाढते का? नाही, थोडे सैल होऊ शकते, पण पुन्हा उगवत नाही. दुखेल का? झोपेचे औषध देतात, करताना कळत नाही. नंतर थोडे दिवस दुखेल. त्याचे समाधान झाले आणि तो झोपला.

थोरली झोपली नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. 'छे, काही होणार नाही' हे शब्द ओठांवर आले होते. पण एकदा खोटे पकडले गेलेल्या माणसाने पुन्हा अशी हमी द्यायची कशी? मी सांगितले, प्रत्येक ऑपरेशनमध्ये थोडा धोका असतो. ती बाई खूप आजारी होती, माझे तसे नाही. बहुतेक माणसे बरी होऊन घरी येतात. न केले तर साखरेचा धोका त्याहून मोठा आहे, म्हणून करते. आणि शुद्धीवर आल्याबरोबर बाबा तुला फोन लावतील. तिने विचारले, "नक्की?" फोनची हमी मात्र मी दिली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू होऊन चार दिवस झाल्यावर, भर पावसात शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी फोन लावला. मला धड बोलता येईना, पण तिने आवाज ऐकला. दोन दिवसांनी मुले इस्पितळात आली. धाकट्याने आल्याबरोबर पोटावरच्या पट्ट्या मोजल्या. पाच. हिशेब जुळला.

घरी आल्यावर औषधाच्या चिमुकल्या कपातून तीस-तीस मिली पाणी घोट घोट प्यायचे. धाकट्याला ही भातुकलीच वाटली. तोच कप भरून आणायचा. उकड्या तांदळाच्या पेजेचे वरचे पाणी, गाळलेले सूप, ताक. मग दोन आठवड्यांनी घोटून मऊ केलेली डाळ, मग अंडे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. वजन उचलायचे नाही म्हणून त्याला कडेवर घ्यायचेही नाही. हे मात्र मी आधी सांगायला विसरले होते. तीन दिवस तो आजीकडेच राहिला. आई रागावली आहे, अशी त्याची समजूत झाली होती. मग मी बसायचे आणि तो शेजारी येऊन टेकायचा, असा तोडगा निघाला.

वाचकहो, आपण सांगितले म्हणजे संपले असे मला वाटत होते. खरी गोष्ट पुढेच आहे.

जुलैत थोरलीचा डबा भरलेला परत येऊ लागला. आधी वाटले, पावसाळ्यात भूक मंदावली असेल. मग घरीही ती अर्ध्या भाकरीवर उठू लागली. मासेमारीची बंदी उठल्यावर पहिले बांगडे आले तेव्हा मी मुद्दाम तिच्या आवडीचे हुमण केले. ती शीत चिवडत बसली. "म्हाका भूक ना." शाळेतल्या बाईंनीही बोलावून विचारले, मुलगी मधल्या सुट्टीत खात का नाही?

सांगायला हवे की ती माझ्यावर गेली आहे. गुटगुटीत. वर्गात काही मुले तिला चिडवतात हे मला माहीत होते. त्या रात्री खूप वेळ जवळ घेऊन बसल्यावर ती म्हणाली, "म्हाकाय कापतले?"

मी गप्प झाले. हे तिच्या डोक्यात आले कुठून, हे शोधायला लांब जावे लागले नाही. धाकट्याने एकदा विचारले होते की तुझेच पोट का कापले, आणि मी हसत हसत म्हटले होते, "आईने खूप खाल्ले ना, म्हणून." एक वाक्य. पाच वर्षांच्या मुलाला समजेल असे सोपे केलेले. त्याने ऐकले आणि सोडून दिले. तिने ऐकले आणि मनात ठेवले: खूप खाल्ले की कापतात. तिच्या लेखी ती शिक्षा होती, आणि पुढचा नंबर तिचा होता.

त्याहून वाईट हे की ते वाक्य मी केवळ मुलासाठी बोलले नव्हते. माझाही त्यावर विश्वास होता. इतकी वर्षे मी स्वतःला हेच सांगत आले होते, की माझ्या जिभेला ताबा नाही, म्हणून ही पाळी आली. वास्तविक सर्जनने मला भुकेच्या संप्रेरकापासून घराण्यातल्या मधुमेहापर्यंत सगळे समजावले होते. माझी आई तशी, मावशी तशी. वजन उतरवले की शरीर भूक वाढवून ते पुन्हा वर ओढते, हेही त्यांनी सांगितले होते. मी मान हलवली होती, पण ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वही काढली. या वेळी तिला सांगितले की मागचे वाक्य चुकीचे होते. आई आजारी होती. काही माणसांच्या शरीरात भुकेचा निरोप फार जोरात येतो आणि पोट भरल्याचा उशिरा पोचतो. कोणाला चष्मा लागतो, कोणाला दमा असतो, तसे हे. कापले ते शिक्षा म्हणून नव्हे, औषध लागू पडेना म्हणून. "तुझे पोट तुझ्या मापाचे आहे. त्याला भूक लागली की जेवायचे, भरले की थांबायचे." तिला मुलांच्या डॉक्टरांकडेही नेले. त्यांनी तपासले, उंचीच्या तक्त्यावर बोट ठेवून तिला दाखवले आणि सांगितले, वाढीच्या वयात उपाशी राहायचे नाही, खेळायचे मात्र रोज. माझ्यापेक्षा तिचा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला, असे दिसले.

घरातही एक नियम केला. 'जाडी', 'ढोली' हे शब्द बंद, लाडाने म्हटलेलेसुद्धा. सासूबाईंना ते जड गेले. पण एकदा त्यांच्या तोंडून शब्द निसटला तेव्हा त्यांनी स्वतःच जीभ चावली. मीही आरशासमोर उभी राहून स्वतःला नावे ठेवणे सोडले. मुली ऐकत असतात.

डबा एकदम रिकामा येऊ लागला नाही. आठवडे गेले.

सप्टेंबरात चवथ आली. मूळ घरी सगळे जमलेले, माटोळी बांधलेली, पानात खतखते, मुगागाठी, वडे. माझ्या पानातले इवलेसे वाढप बघून कुजबुज सुरू झाली. केसही गळत होते. अशा शस्त्रक्रियेनंतर काही महिने गळतात. कोणीतरी विचारले, "बरे नाही का गं?" मी कचेरीतली त्रोटक ओळ शोधत होते, तेवढ्यात धाकट्याने पंगतीत जाहीर केले, "म्हज्या आईचें पोट केळ्याएदें आसा!"

क्षणभर सगळे गप्प, मग हशा. मला वाटले जमिनीने पोटात घ्यावे. पण एकदा फुटले ते फुटले. मी सगळे सांगितले. संध्याकाळपर्यंत दोन वहिनी हळूच जवळ येऊन डॉक्टर कोण, साखर किती उतरली, हे विचारून गेल्या.

दुपारच्या फराळाला थोरलीने एक नेवरी मोडली. अर्धी माझ्या ताटलीत ठेवली आणि उरलेली अर्धी खाल्ली. थोड्या वेळाने आणखी एक अख्खी उचलली. मी दुसरीकडे पाहत राहिले.

वर्षाअखेर माझे वजन ७४ किलोवर आले. इन्सुलिन सुटले, एक गोळी राहिली. बी-१२, लोह, कॅल्शियम कायमचे घ्यायचे आहे आणि रक्ततपासणी नेमाने करायची आहे. ही जादू नव्हे; सांभाळले नाही तर वजन परत चढते, हेही मुलांना माहीत आहे.

परवा थोरलीने विचारले, "मी मोठी झाल्यावर मलाही तुझ्यासारखी साखर होईल?" आता ती मराठीतूनही प्रश्न विचारते, शाळेतल्यासारखे. मी म्हटले, होऊ शकते, नाहीही होणार. लक्ष ठेवू या. ती "बरे" म्हणाली आणि सायकल घेऊन निघून गेली.