किहीमचे खोपे

अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी किहीम हे गाव आहे. किनाऱ्याला सुरू आणि माड, मागे भातखाचरं. डॉ. सलीम अली १९३० मध्ये नोकरी नसताना इथे येऊन राहिले आणि सुगरण पक्ष्यांच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला. आमच्या भागातल्या पक्षीमित्र मंडळाची ऑगस्टमधली सहल किहीमला जाणार, हे कळल्यावर आम्ही नवराबायको, दोन्ही मुली आणि अम्मी, असे पाच जण निघालो. रात्री अलिबागला मुक्काम केला आणि फजरनंतर लगेच किहीम गाठलं.

मंडळाच्या ताईंनी दुर्बिणी हातात देण्याआधी रीत शिकवली. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी हेरायचा, मग नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. तो चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, हे ठरवायचं. नंतर चोच, शेपटी, रंग, आवाज. नाव सर्वांत शेवटी. तारीख, वेळ आणि जागा वहीत लिहायची. तासाभरात मुलींच्या वहीत खंड्या, नाचण आणि दयाळ आले. झाडीतून घुमणारा ‘कूप कूप’ आवाज ऐकताच अम्मी म्हणाल्या, “हा तर कुकुडकोंबा!” ताईंनी ‘भारद्वाज’ या नावाशेजारी अम्मींचं नावही लिहायला लावलं.

पुढे भातखाचराच्या बांधावर शिंदीच्या झाडाला खोपे लोंबत होते. धाकटीने विचारलं, “काही खोपे अर्धेच का? पक्ष्याला कंटाळा आला का?”

ताईंनी समजावलं: खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की तो पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी आत शिरून पारखते. पसंत पडला तर ती तिथे राहते आणि नर खालची नळी पुरी करतो, मग दुसरा खोपा विणायला घेतो. नापसंत पडलेला खोपा बहुधा तसाच राहतो. सलीम अलींनी किहीमला हेच नोंदवलं होतं.

तेवढ्यात वाडीतला एक मुलगा लांब काठी घेऊन आला. घरात शोभेला टांगायला त्याला खोपा हवा होता. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला दुर्बीण दिली. चोचीत किडा धरून एक मादी नळीतून वर शिरताना त्याला दिसली. “आत पिल्लं आहेत?” त्याने विचारलं. काठी बांधावर ठेवून तो बराच वेळ आमच्यासोबत उभा राहिला.

सलीम अलीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा त्यांनी मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांना त्याबद्दल विचारलं. मामांना उत्तर ठाऊक नव्हतं. पण त्यांनी प्रश्न उडवून न लावता भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले, ओळखायला शिकवलं. आपल्या मुलांच्या प्रश्नांना प्रत्येक घरात उत्तर असेलच असं नाही. ते जाणणाऱ्या माणसापर्यंत मुलांना नेणं मात्र आपल्या हातात आहे.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात जवळच्या मंडळाच्या फेरीला मुलांसोबत घरातल्या वडीलधाऱ्यांनाही न्या. कपडे मातकट किंवा हिरवे असावेत, सोबत वही-पेन्सिल घ्यावी आणि घरट्यापासून लांब उभं राहावं.