कोरा रकाना

भाद्रपद अर्धा सरला, बाबा.

माळव्यावरचं ऊन पिवळं व्हायला लागलं. राऊच्या पलीकडे सोयाबीन पिकत आलंय, आणि दिवस कलला की काळ्या मातीवरून तोच गार वारा सुटतो, राजेंद्रनगरच्या आपल्या गच्चीवर येतो, दोरीवरचे कपडे हलवतो. कपड्यांत तुमचा पांढरा सदरा नसतो. एवढंच. बाकी वारा तोच आहे.

हा तुमचा महिना. या महिन्यात तुम्ही घरात सापडायचा नाहीत.

श्रावण सरता सरता, वद्य चतुर्दशीला, अहिल्याबाईंची पुण्यतिथी. १७९५ साली त्या गेल्या, आणि हे इंदूर शहर अजून त्यांची पालखी काढतं. गर्दीला हळू हातानं बाजूला सारणाऱ्यांत तुम्ही. तिथून मोकळे होता न होता तोच १ सप्टेंबर, आयुर्विमा महामंडळाचा वाढदिवस. १९५६ चा तो दिवस तुम्ही घरातल्या कुणाच्या वाढदिवसासारखा लक्षात ठेवायचात. मग विमा सप्ताह. मग गणपती. मग अनंत चतुर्दशीची ती अख्खी रात्र. आई म्हणायची, "ह्यांना भाद्रपदात भेटायचं असेल तर रस्त्यावर जा."

यंदा रस्त्यावरही जाऊन आले.

काय झालं होतं, असं लोक विचारतात. मी उत्तर देत नाही. झालं, एवढं पुरे आहे. रामबागेच्या स्मशानात त्या सकाळी उभ्या असलेल्या माणसांतही कुणी विचारलं नव्हतं. निम्म्यांना मी ओळखत नव्हते. मराठी, हिंदी, माळवी, सगळ्या बोली एका जागी येऊन गप्प झाल्या होत्या.

गप्प. हा शब्द आपल्या घराला माहीत नव्हता. सकाळी सातला फोन वाजायचा, कुणाचा तरी हप्ता राहिलेला असायचा, कुणाला तरी रक्त हवं असायचं, कुणाच्या तरी मुलीची फी. आता सात वाजतात आणि काहीच होत नाही. सात वाजणं इतकं मोठं असतं, हे ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर महामंडळाचं कॅलेंडर आहे. दोन हात, मधे ज्योत. लहानपणी मला ते हात तुमचेच वाटायचे, आणि तुम्ही कामाला जाता म्हणजे एम.जी. रोडवरच्या जीवनप्रकाश इमारतीत दिवसभर तसे हात धरून बसता, अशी माझी खात्री होती. आता मी त्या चित्राकडे फार वेळ पाहते. हात तसेच वाकलेले, वारा लागू नये म्हणून. ज्योत तशीच सरळ. मनगटांच्या मागे मात्र कोणी नाही. इतकी वर्षं ते मला दिसलं नव्हतं.

जून लागला की त्याच कॅलेंडरची जुनी पानं तुम्ही खाली काढायचात. पान उलटं करायचं, गुळगुळीत पांढरी बाजू बाहेर. पुस्तक मधोमध ठेवायचं. कडा नखानं दुमडायच्या, आधी वरची, मग खालची, आणि शेवटी कोपरे, त्रिकोणी, एकही न फुगणारे. मग लेबल. मग तुमचं ते उभं, सुटं अक्षर: माझं नाव, इयत्ता, विषय. ऑफिसात तुमच्या सहीवर माणसांचे दावे मंजूर होत होते, आणि घरी फरशीवर मांडी घालून तुम्ही भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर घालत होतात, दोन्हीकडे तेवढ्याच निगुतीनं. वर्षभर माझी पुस्तकं आतून मार्च, एप्रिल, मे अशी असायची. कव्हर फाटलं की एखादा जुना सोमवार दिसायचा.

शाळेच्या हजेरीपटावर यायच्या आधी माझं नाव तुमच्या एका पॉलिसीवर आलं होतं. वारस म्हणून. तुमच्यानंतर कोण, या प्रश्नासमोर तुम्ही मला लिहून ठेवलं होतं, आणि मी तेव्हा पाळण्यात झोपले होते.

माझ्यानंतर. बाबा, हा पाच अक्षरी शब्द तुम्ही किती सहज बोलायचात. जेवताना, भाजी वाढून घेताना. आई रागवायची. तुम्हाला त्यात अभद्र काही वाटायचंच नाही. तुम्ही आयुष्यभर लोकांच्या 'माझ्यानंतर'शेजारी बसलात.

परदेशीपुऱ्यात. नंदानगरात. पाटनीपुऱ्याच्या मागच्या, मिल कामगारांच्या एका खोलीच्या घरांत. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली, आणि त्यानंतरच्या वर्षांत तुम्ही तिथे कुठल्या नात्यानं जात होतात ते मला नीट सांगता येणार नाही. अधिकाऱ्यानं जायची ती जागा नव्हती. हप्ते थकलेले, पॉलिसी बंद पडलेल्या, आणि कधी कधी पॉलिसीवरचा माणूसच गेलेला. तुम्ही बाईच्या समोर खुर्चीवर बसायचा नाहीत, खाली बसायचात. पत्र्याची ट्रंक उघडली जायची. कागद निघायचे, लग्नपत्रिका, रेशन कार्ड, एखादा फोटो, आणि तळाशी घडीवर फाटलेली पॉलिसी. तुम्ही ती मांडीवर उलगडायचात. अर्ज भरायचात. आणि जिथे तिला सही किंवा अंगठा करायचा तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारायचात, इतकी पुसट की नंतर खोडावीही लागू नये.

ती फुली मी अनेकदा पाहिली. तुमच्याबरोबर मला न्यायचात तेव्हा. रविवारी, एमवाय रुग्णालयाच्या वॉर्डांतून फिरून झालं की.

२५ डिसेंबर २०२३ ला मिलच्या कामगारांचे थकलेले २२४ कोटी अखेर सुटले. चार हजार आठशे कामगारांचे पैसे, बत्तीस वर्षांनी. टीव्हीसमोर तुम्ही उभेच होतात. मला वाटलं, आनंदानं काही बोलाल. तुम्ही चष्मा पुसलात. म्हणालात, "कितीतरी जण गेलेत गं यातले. आता वारसांचे कागद लागतील." आणि चपला घातल्यात.

मिलचा भोंगा थांबला, पण मिलच्या झांक्या थांबल्या नाहीत. हे या शहराचं मला सगळ्यात प्रिय असलेलं वेड. पगार नाही, कारखाना नाही, तरी कामगार वर्गणी काढून देखावे उभे करत राहिले. आणि म्हणून अजूनही अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा एकेका मिलचं नाव घेऊन तो उजेड रस्त्यावर उतरतो, पुढे आखाड्यांची पोरं लाठ्या फिरवत, मागे दिव्यांचे हत्ती, दिव्यांची कारंजी, दिव्यांचे देव, दुतर्फा गावाकडून आलेली माणसं ओट्यांवर, गॅलऱ्यांत, बापांच्या खांद्यांवर, आणि सराफ्याच्या तोंडाशी, जिथे गर्दी श्वासही घेऊ देत नाही, तिथे हरवलेल्या मुलांच्या टेबलाशी माईक घेऊन तुम्ही, रडून थकलेल्या एखाद्या पोराला एका हातानं जिलबी भरवत, दुसऱ्या हातानं माईक धरून, लाल फ्रॉक, निळी चप्पल, नाव पिंकी सांगते, आईनं लगेच यावं, असं पुन्हा पुन्हा, पहाटेपर्यंत, आवाज बसेपर्यंत, राजवाड्याच्या सातही मजल्यांवर फिकट सकाळ चढेपर्यंत, शेवटचं मूल शेवटच्या आईच्या कडेवर जाईपर्यंत सांगत राहायचात.

मग घरी यायचात. घसा गेलेला. खुणेनं चहा मागायचात.

यंदा मी तिथे उभी राहिले. टेबल होतं. माईक होता. कुणी एक तरुण मुलगा होता, चांगला होता, कळवळून बोलत होता. उजेड डोळ्यांना सोसवेना म्हणून नव्हे, पण मी खाली पाहत राहिले. रस्त्यावर दिव्यांचे रंग वाहत होते, लाल, हिरवे, पुन्हा लाल, माझ्या पायांवरून.

साहित्य सभेच्या शारदोत्सवातही असेच दाराशी असायचात तुम्ही. खुर्च्या लावायच्या, पाहुण्यांना पाणी द्यायचं, आणि भाषण सुरू झालं की मागे, भिंतीला टेकून. नाटकाचा पहिला अंक तुम्ही कधी बसून पाहिला नाहीत. उशिरा येणाऱ्याला अंधारात जागा दाखवायला कोणीतरी हवं, म्हणायचात. आता मी अंधारात जाते तेव्हा दाराशी थांबते. सवयीनं.

तेराव्यानंतर तुमची फाईल काढली. कपाटात, वरच्या कप्प्यात, नाडी बांधलेली. तुम्ही म्हणाला होतात तिथेच. पॉलिसी क्रमानं लावलेल्या. बँकेचं पासबुक. आणि दाव्याचा अर्ज, तुमच्या अक्षरात भरलेला. विमेदाराचं नाव, पत्ता, वारस, नातं, खाते क्रमांक. तेच उभं, सुटं अक्षर, लेबलवरचं. आईनं सही करायची त्या प्रत्येक जागी पेन्सिलीची फुली, पुसट.

एकच रकाना कोरा होता. मृत्यूचा दिनांक.

तेवढा तुम्हाला भरता येत नव्हता.

आई फुलीवर सही करत गेली. न विचारता, न थांबता, जणू तुम्ही समोर बसून बोट ठेवत होतात. मग तिनं अर्ज माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं. दिवस, महिना, साल. तुमच्या शाईशेजारी माझी शाई, जरा गडद. कागद वाळायला वेळ लागत नाही, तरी मी तो पंख्याखाली धरून बसले. सगळं तुम्ही करून ठेवलं होतं, बाबा. पैसे कुठे, किल्ल्या कुठे, गच्चीची टाकी कधी धुवायची. तुमच्या नसण्याची सगळी व्यवस्था केली होती तुम्ही. नसणं तेवढं आमच्यावर सोडलंत.

काल सकाळी सात वाजता फोन वाजला.

परदेशीपुऱ्यातून. बाईचा आवाज, वय झालेला. "साहब हैं क्या?" तिच्या नवऱ्याची पॉलिसी होती, म्हणाली, ट्रंकेत सापडली. तिला कुणीतरी तुमचं नाव सांगितलं होतं. तुमचं तिला कळलं नव्हतं.

मी सांगितलं तिला. पलीकडे ती रडली, मीही. मग दोघींनी नाकं पुसली आणि मी तुमच्यासारखीच यादी सांगू लागले: मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक, त्याच्या दोन झेरॉक्स. नसेल एखादा कागद तरी या, पाहू काय करता येतं ते. राजेंद्रनगर. रविवारी या, नऊनंतर कधीही.