दोन प्रत्ययांमधली आय

आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीत खोली 160 चौरस फुटांची आणि एका मजल्यावर खोल्या वीस. मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही अंगांना दारं. एका टोकाला कॅरमवर क्वीन घेतली आणि कव्हर हुकलं, की 'च्यायलाऽऽ' पार दुसऱ्या टोकाच्या संडासाच्या रांगेपर्यंत ऐकू यायचं. पहाटे पाणी आलं नाही की च्यायला. आलं, तरी च्यायला! सेकंड शिफ्ट करून रात्री परतलेले शेजारचे काका उंबऱ्यात चपला काढताना तेच म्हणायचे. त्यात ना राग ना आनंद, पाय मोकळे झाल्याचा आवाज तेवढा.

शाळेत बाईंनी केवलप्रयोगी अव्ययं शिकवली. हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, तिरस्कारदर्शक. मागच्या बाकावर आम्ही वहीत रकाने आखून सगळ्यांत हा एकच शब्द भरून पाहिला. मस्त बसला. अडला तो फक्त संबोधनात. 'ए च्यायला, इकडे ये' अशी हाक कुणाला मारता येत नाही.

खरी गंमत पुढे कधीतरी लक्षात आली. हा शब्द सुरूच होतो प्रत्ययानं. 'च्या' ही षष्ठी, पण ती ज्याला लागायची तो 'त्या' किंवा 'ति' कधीच गळून पडला. शेवटी 'ला'. मधे दोन प्रत्ययांत अंग चोरून बसलेली आय. क्रियापदाचा पत्ता नाही. त्या माउलीचं नेमकं काय करायचं, हे सांगायला कुणी थांबलेलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा तृतीय पुरुष आहे. समोरच्याची आई यात नाहीच, कुठल्यातरी तिसऱ्याची आहे. 'च्या'च्या जागी 'तुझ्या' आलं, की कॅरम बंद आणि हात कॉलरला. एवढ्याशा सर्वनामानं आमच्या चाळीत हाणामाऱ्या झाल्यात. 'आयला'त तर 'च्या'ही गेला, आई कुणाचीच उरली नाही. म्हणूनच बहुधा हिंदी सिनेमानं तो बिनधास्त उचलला.

इंग्रजांची ती चार अक्षरी शिवी नाम होते, क्रियापद होते, विशेषण होते, दुसऱ्या शब्दाचं पोट फाडून आतही शिरते. आमचा शब्द तसला घुसखोर नाही. तो वाक्याच्या दाराशी उभा राहतो, फार तर मागच्या दारानं येतो: 'पाऊस आला च्यायला.'

आजी कोकणातली. आम्ही 'आयचा घो' म्हणालो की ती भाकरी थापता थापता म्हणायची, "घोव म्हणजे नवरो. आवशीचो घोव म्हणजे तुझो बापूसच मां? मग ओरडतस कित्याक?" व्याकरणानं तिचं बरोबर होतं. 2010मध्ये महेश मांजरेकरांच्या 'शिक्षणाच्या आयचा घो' या सिनेमाच्या नावावरून वाद पेटला, तेव्हा मला आजीच आठवली. त्याच्या कितीतरी आधी, 1980पासून, गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'नं अस्सल मालवणी शिव्या रंगमंचावर आणल्या होत्या, आणि पांढरपेशे प्रेक्षक पोट धरधरून हसले होते. शिवी दुसऱ्याच्या बोलीत असली की पचते, असं आपलं माझं मत.

बायकांची तऱ्हा निराळी. त्या आईच्या वाटेला जात नाहीत, थेट माणसालाच मारतात: मेल्या, मुडद्या. पुरुषांच्या शब्दाला जे जमलं नाही, ते संबोधन इथे अगदी सहज. वरळी कोळीवाड्यातली आमची कोळीण पाटी उतरवता उतरवता "मेल्या, कवढा सुकलायस!" म्हणायची आणि वाट्यात दोन बोंबील जास्तीचे टाकायची.

जांबोरी मैदानाशेजारी चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहिलेत. 160चे 500 चौरस फूट झाले. परवा काकांकडे गेलो होतो. काकूंनी नव्या ओट्याच्या कडेला तसबीर मांडून दिवा लावला होता. काकांनी खिडकी सरकवली. खाली राहिलेल्या चाळींची छपरं, पलीकडे लखलखता समुद्र. बराच वेळ गप्प राहून ते हळूच म्हणाले, "च्यायला."

"अहो, देव बसलेत," काकू म्हणाल्या.

"मग त्यांनाच दाखवतोय."