अठ्ठावीसचा फोटो

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मार्केटातून कैऱ्या घेऊन गाडीत बसत होतो, तेवढ्यात दाजींचा फोन आला, संगमनेरहून. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. एकतीस मेला रिटायर होणार होते. माध्यमिक शाळेत तीस-एक वर्षं गणित शिकवलं.

"काय रे, ती तुझी हायब्रिड अजून पंचवीस-अठ्ठावीस देते ना?"

"हो, देते की," मी म्हटलं. तोंडातून आपोआपच गेलं ते.

"मग मी पण तीच बुक करतो. जूनमध्ये फंडाचे पैसे येतील. तुझ्या ताईला म्हटलं, एवढा खर्च करायचाच तर पेट्रोल वाचवणारी घेऊ. तू वापरतोयस, तू म्हणशील ते खरं."

फोन ठेवला आणि मला एकदम घाम फुटला. (एप्रिलमधलं अंबरनाथ, त्यामुळे घामाचं श्रेय पूर्णपणे सदसद्विवेकबुद्धीला देता येणार नाही.) कारण ते 'अठ्ठावीस' कुठून आलं, हे फक्त मलाच माहीत होतं.

तर मंडळी, झालं असं होतं. गाडी घेतली २०२३ च्या दिवाळीत. डिसेंबरमध्ये एका रात्री ऑफिसातून उशिरा निघालो. थंडी होती, एसी बंद, गाडीत मी एकटा, बॅटरी भरलेली, रस्ता रिकामा नाही पण तुंबलेलाही नाही. महापेहून शिळफाटा, काटई, नेवाळी करत घरी येईपर्यंत मी उजवा पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवला होता. बिल्डिंगखाली पोचलो तर स्क्रीनवर २७.९! मी तिथेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कंपनीने सांगितलं तेवढंच!' पुढच्या वर्षी गणपतीत संगमनेरला गेलो, तेव्हा हाच आकडा पंगतीत बसून सगळ्यांना ऐकवला. त्या रात्रीनंतर तो आकडा पुन्हा एकदाही दिसला नव्हता, हे मात्र ऐकवलं नाही.

वास्तविक माझ्याकडे एक वही आहे. लेकीची भूमितीची अर्धी कोरी राहिलेली. तिच्यात मी पहिल्या दिवसापासून टाकी ते टाकी हिशेब लिहितो. एकाच पंपावर, नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा तसंच फुल करायचं आणि भागाकार. स्क्रीन काही का दाखवेना, पैसे पंपावर द्यावे लागतात. माझी स्क्रीन वहीपेक्षा नेहमी दीड-दोन किलोमीटर उदार असते. म्हणजे ग्रुपवरचा फोटो खोटा नव्हता, पण तो एका रात्रीचा होता आणि स्क्रीनचा होता. वहीचा फोटो मी कधीच टाकला नाही.

त्या रविवारी दुपारी वही काढून बसलो.

आता आधी त्या अठ्ठावीसच्या जन्माविषयी. २०२२ साली मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर ही जुळी भावंडं आपल्याकडे आली. त्यांच्या हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. त्याच वर्षी आलेल्या होंडा सिटीच्या हायब्रिडचा साडेसव्वीस. हे आकडे ज्या चाचणीतून निघाले तिचं लघुरूप काय असावं? एमआयडीसी! आमच्या अंबरनाथमध्ये एमआयडीसी म्हटलं की पूर्वेकडचे कारखाने आणि त्या रस्त्यावरचे कंटेनर. पण ही एमआयडीसी म्हणजे 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पळवतात. जवळजवळ वीस मिनिटं, कमाल वेग ताशी ९०, एसी बंद. सगळ्या गाड्यांना तोच पेपर, त्यामुळे एकीची दुसरीशी तुलना करायला तो चांगलाच आहे. फक्त त्या पेपरात काटई नाका नाही, आणि मे महिनाही नाही.

माझ्या वहीतला ऑफिसच्या रस्त्याचा आकडा आहे २१.५. आठवड्यातले तीन दिवस, येऊन-जाऊन साठ किलोमीटर. हा आकडा वाईट आहे का? मुळीच नाही. माझ्याच ऑफिसातल्या एका मित्राकडे ह्याच गाडीची साधी पेट्रोल आवृत्ती आहे. तोही नेवाळीवरूनच येतो, आणि माझ्या नादाने तोही वही ठेवायला लागला. त्याला ह्याच रस्त्यावर तेरा मिळतं. काटई ते शिळफाटा ह्या पट्ट्यात, विशेषतः मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून, जी रांग लागते तिच्यात त्याचं इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल पितं. माझं बंद असतं. गाडी बॅटरीवर आवाज न करता दोन हात पुढे सरकते, परत थांबते. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनित्र होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. म्हणजे ज्या ट्रॅफिकला आपण रोज शिव्या घालतो, तिथेच ही गाडी पैसे वाचवते.

पण ही वीज येते कुठून, हे लोक विसरतात. ह्या गाडीला प्लग नाही. सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच. बॅटरीही अगदी लहान, घरच्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचं तर पाऊण युनिट. मे महिन्यात एसी चालू ठेवून रांगेत उभं राहिलं की एसी त्याच पाऊण युनिटावर जगतो, आणि थोड्या थोड्या वेळाने इंजिन उठून बॅटरी भरून परत झोपतं. माझ्या वहीत डिसेंबर आणि मे ह्यांच्यात लिटरमागे जवळजवळ तीन किलोमीटरांचा फरक आहे.

त्याहून वाईट पान एका वेगळ्याच महिन्याचं आहे. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मी महिनाभर घरूनच काम केलं. गाडी फिरली ती फक्त स्टेशन, मार्केट, लेकीचा क्लास, डॉक्टर. पश्चिमेतल्या पश्चिमेत. एकेक फेरी दीड-दोन किलोमीटर. महिन्याची बेरीज २१४ किलोमीटर, पेट्रोल १५.१ लिटर. करा भागाकार... १४.२! थंड इंजिन सुरू झालं की आधी स्वतःला आणि सायलेन्सरमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला गरम करतं. ते गरम होईपर्यंत मार्केट येतं. मग गाडी बंद, कैऱ्या खरेदी, गाडी परत गार. हायब्रिड असो नाहीतर आणखी काही, ह्या फेऱ्यांना खरं म्हणजे पिशवी घेऊन चालत जावं. (बायकोने हे वाक्य वाचून दाखवायला लावलं आणि नंतर तारीख लिहून ठेवायला सांगितली.)

पण दाजी ना काटई नाक्याला जाणार, ना आमच्या मार्केटात. त्यांचा रस्ता नाशिक-पुणे हायवे. लेक नाशिकला, भाऊ पुण्याला, आणि शेत गावाबाहेर. वर्षाला जास्तीत जास्त आठ हजार किलोमीटर. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही 'ताईला भेटायला' म्हणून निघालो. खरं कारण वही. मुरबाड, माळशेज, आळेफाटा, संगमनेर. निघताना टाकी फुल, पोचल्यावर फुल, परत आल्यावर फुल. पाच माणसं, सामान, एसी सतत चालू.

जाताना १८. घाट चढायचा, त्याला इलाज नाही. येताना २२ च्या थोडं वर. दोन्ही मिळून १९.९.

उतारावर बॅटरी भरते म्हणून मी येताना जास्त आशा धरून होतो. माळशेज उतरताना पाहिलं तर अर्धाही घाट संपला नाही तोच बॅटरी भरली, आणि पुढे साध्या गाडीसारखं इंजिनच्या ब्रेकवर उतरावं लागलं. रात्री कागदावर मांडून बघितलं. सोळाशे किलोची भरलेली गाडी पाचशे मीटर खाली उतरली की दोन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा सुटते. आपला डबा पाऊण युनिटाचा, आणि तोही आधीच अर्धा भरलेला. बाकीची घाटातच सांडते. आणि सपाट हायवेवर तर सांडायलाही काही नसतं. ब्रेकच लागत नाही, तर परत काय मिळवणार? नव्वद-शंभरच्या वेगाने सगळी लढाई वाऱ्याशी, आणि वारा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तिथे इंजिन सलग चालतं. ते इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं, काटकसरी असतं, म्हणून थोडा फायदा राहतो. पण थोडाच. मित्राची पेट्रोलवाली कोल्हापूरच्या रस्त्याला साडेसतरा देते.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्याचाही वाटा आहेच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे सगळ्यांचंच ॲव्हरेज थोडं खाली येतं. हे मी संगमनेरला बोललो तेव्हा दाजी म्हणाले, "आमच्या उसाला नावं ठेवू नकोस." म्हटलं, नाही ठेवत.

हिशेब मात्र त्यांच्यासमोर काढायचं धाडस त्या दिवशी झालं नाही. ताईने पुरणपोळी केली होती. दाजी अंगणात गाडी उभी राहील ती जागा दाखवत होते, फरश्या कुठे बसवायच्या ते सांगत होते. मी मान हलवत राहिलो.

घरी येऊन लिहून काढलं. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक तीन लाख. पेट्रोल लिटरला १०४ धरलं. दाजींचे वर्षाला आठ हजार किलोमीटर: हायब्रिडला ४०२ लिटर, साधीला ४५७. वाचले ५५ लिटर, म्हणजे ५,७२० रुपये. तीन लाख भागिले ५,७२०. बावन्न वर्षं! दाजी अठ्ठावन्नचे आहेत. म्हणजे हायब्रिडचे जास्तीचे पैसे वयाच्या एकशेदहाव्या वर्षी वसूल होणार होते, आणि तेही माझ्या शब्दावर.

मग माझाही हिशेब केला. वर्षाला बारा हजार किलोमीटर, ३६५ लिटरची बचत, साधारण ३८ हजार. आठ वर्षांत फिटंफाट. त्यातल्या त्यात बरं वाटलं.

सोमवारी रात्री फोन केला. सगळं सांगितलं. फोटो एका रात्रीचा होता हेही सांगितलं, गणपतीत बोललो ते वाढवून बोललो हेही. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"आणि मी तर वर्गात मुलांना सांगायचो," दाजी शेवटी म्हणाले, "उदाहरण सोडवल्याशिवाय उत्तर लिहू नका. इथे मीच तुझं उत्तर उतरवून घेतलं."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "राहू दे. वहीची पानं पाठव."

दुसऱ्या दिवशी पानं परत आली. प्रिंट काढून, लाल पेनाने तपासून, फोटो. माझ्या स्वतःच्या हिशेबाभोवती गोल आणि बाजूला एकच शब्द: 'व्याज?'

खरंच की! तीन लाख बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी वर्षाला २१ हजार आले असते. माझ्या ३८ हजारांतून ते वजा केले की उरतात सतरा. म्हणजे आठ नाही, सतरा-अठरा वर्षं. गाडीचं रजिस्ट्रेशनच पंधरा वर्षांचं! आणि दाजींच्या बाबतीत तर बचत पावणेसहा हजार, व्याज २१ हजार. ते पैसे कधीच वसूल होणार नव्हते.

"मग तू का घेतलीस?" त्यांनी फोनवर विचारलं. राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, शिळफाट्याच्या रांगेत दीड तास अडकलं की ती शांतता बरी वाटते. गिअर नाही, क्लच नाही, इंजिनाची धडधड नाही. घरी आल्यावर लेकीशी बोलायचं त्राण उरतं. पैसे वाचतात म्हणून घेतली, असं सगळ्यांना सांगितलं, कारण तीन लाख शांततेला दिले असं आपल्या घरात कोणाला सांगणार?

"मला सांगायचंस," दाजी म्हणाले.

सीएनजी का नाही घेतली, असं विचारणारे आहेतच. त्यांच्यासाठी: पंपावरची रांग आणि डिकीतली टाकी. दाजींनाही नको आहे, त्यांना डिकीत कांद्याची गोणी टाकायची असते.

त्यांनी अजून गाडी घेतलेली नाही. साधी पेट्रोलवाली घेऊ म्हणतात, पण आता ताईच्या मनाने घेतलंय की आधी स्वयंपाकघराचा ओटा. अंगणातल्या फरश्या मात्र बसल्या.

मी परवा ग्रुपवर त्या जुन्या फोटोला उत्तर म्हणून वहीच्या पानाचा फोटो टाकला. ऑफिस २१.५, हायवे १९.९, मार्केट १४.२. सगळ्यात आधी भाच्याचा अंगठा आला. मग दाजींचा मेसेज: 'एककं लिहिली नाहीस. अर्धा मार्क कमी.'