संगणकविद्या आणि परदेशचा परवाना

विद्येला देशाची सीमा नसते असें आपण नेहमीं म्हणतों, आणि तें खरेंही आहे. परंतु विद्यावंताला मात्र सीमा असते, व ती ओलांडावयास दुसऱ्या राज्याचा परवाना लागतो. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा जो धंदा आज घरोघरच्या मुलामुलींनीं पत्करिला आहे, त्याचा विचार करतांना या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्या लागतात. आपण वडील माणसें त्या एकत्र करतों. मुलगा अमेरिकेस गेला म्हणजे विद्वान् झाला आणि घरीं राहिला म्हणजे मागें पडला, असा सरळ हिशेब मांडतों.

हा धंदा आपल्याकडे आला त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुंबईंत १९६८ सालीं निघाली, व इन्फोसिस पुण्यांत १९८१ सालीं. परंतु जगाच्या बाजारांत आपल्या मुलांचें नांव विशेष झालें तें विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेंही एका अत्यंत कंटाळवाण्या कामामुळें. जुन्या आज्ञावलींत जागा वाचविण्यासाठीं सालाचे शेवटचे दोनच आंकडे लिहीत. २००० साल उजाडतांच यंत्र त्याला १९०० समजेल आणि व्याज, हप्ते, मुदती, सारेंच चुकेल, अशी भीति उत्पन्न झाली. दुसऱ्यानें फार पूर्वीं लिहिलेल्या हजारों ओळी वाचून त्यांतील तारखा शोधावयाच्या, हें तें काम. तें आपल्या कित्येक मुलांनीं निमूटपणें केलें, आणि परदेशच्या कंपन्यांस त्यांची ओळख पटली. दुसऱ्याचें लिखाण धीरानें वाचणें हा या विद्येचा पाया आहे, हें त्यावरून ध्यानांत यावें.

आतां परवान्याची गोष्ट. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानें एच-१बी नांवाचा परवाना निर्माण केला. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजारांची, व अमेरिकेंतच वरची पदवी घेतलेल्यांसाठीं आणखी २० हजारांची. परवाना तीन वर्षांचा, आणि सामान्यतः सहा वर्षांपलीकडे चालत नाहीं. नोकरीच्या मार्गानें कायमचें वास्तव्य मिळवावें, तर एका देशांत जन्मलेल्यांना एकंदर जागांच्या ७ टक्क्यांहून अधिक जागा सहसा मिळत नाहींत; म्हणून आपल्यासारख्या मोठ्या देशांतील माणसाचीं अनेक वर्षें वाट पाहण्यांतच जातात. सप्टेंबर २०२५ मध्यें तर परदेशांतून येणाऱ्या नव्या उमेदवाराच्या अर्जामागें एक लाख डॉलर भरावे, असें तेथील अध्यक्षांनीं फर्माविलें. उलट जर्मनीनें नोव्हेंबर २०२३ पासून पुरेशा अनुभवाच्या व पुरेशा पगाराची नोकरी मिळालेल्या संगणकज्ञाला पदवीवांचूनही आपल्या ‘ब्लू कार्डा’साठीं अर्ज करण्याची मोकळीक दिली. एक दार लोटलें जातें, दुसरें किलकिलें होतें. पण दोन्ही दारांच्या कड्या आंतल्या बाजूस आहेत. जो केवळ परवान्याच्या आशेवर जन्माची आंखणी करतो, तो परक्याच्या ओसरीवर बिऱ्हाड मांडतो.

मग यांत टिकाऊ तें काय? १९९१ सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टॉर्व्हाल्ड्स नामक विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’चें आपलें काम जगापुढें उघडें ठेविलें. ज्याला इच्छा होईल त्यानें तें वाचावें, दोष दाखवावे, दुरुस्ती सुचवावी. आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनही आज त्याच्याच आधारानें चालतो. दुरुस्ती पाठविणारा साताऱ्याचा कीं स्टॉकहोमचा, याला तेथें महत्त्व नाहीं. परंतु दुरुस्ती कां केली हें थोडक्यांत व स्पष्ट लिहावें लागतें. जाणते लोक तींत उणें काढतात, व मुकाट्यानें पुन्हा लिहावें लागतें.

माझ्या पुतण्यानें हा प्रकार मला दाखविला, तेव्हां तो मला अगदीं ओळखीचा वाटला. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रें रचिलीं. कात्यायनानें वार्तिकें लिहून जेथें उणें दिसलें तेथें बोट ठेविलें. पतंजलीनें महाभाष्यांत दोघांचेंही म्हणणें तोलून पाहिलें, आणि कित्येक ठिकाणीं कात्यायनाचा आक्षेप अनावश्यक ठरविला. सामान्य नियम व त्याचा अपवाद यांची व्यवस्था लावावी, एकदां आलेलें पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीनें घ्यावें, पुन्हा लिहूं नये, हें मीं सांगितलें तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, आम्हांलाही पहिल्याच वर्षीं हेंच शिकवितात.”

यावरून कोणीं असें मात्र समजूं नये कीं, नासानें संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरविली आहे. आमच्या आळींत असें सांगणारे गृहस्थ आहेत. खरी गोष्ट इतकीच कीं, रिक ब्रिग्ज नांवाच्या संशोधकानें १९८५ सालीं एका लेखांत, संस्कृत शास्त्रकारांची वाक्यार्थ उलगडण्याची रीत आणि यंत्राला ज्ञान पुरविण्याची रीत यांतील साम्य दाखविलें. अभिमानाला तेवढें पुरे आहे. आपल्या भाषेचा खरा उपयोग निराळाच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यांना नमस्कार करावयाचा, दुसऱ्यांना स्वयंपाक सांगावयाचा. दुसऱ्या शब्दांतील पापणीसारखा अर्धा र यंत्रावर कसा उमटावा, याचा नियम युनिकोड या जागतिक लिपिसंकेतांत घालावा लागला. ज्याला मराठी येत नाहीं, त्याला हा प्रश्नच सुचणार नाहीं. परदेशीं जाणाऱ्यानें मातृभाषा घरीं ठेवून जाऊं नये, तें याकरितां.

२०२० च्या महामारीपासून घरीं बसून परदेशचें काम करण्याची प्रथा पुष्कळच वाढली. माझा हा पुतण्या तसेंच करतो. कॅलिफोर्नियांत हिवाळ्यांत सकाळचे नऊ वाजतात, तेव्हां आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. सारें घर निजतें तेव्हां त्याची कचेरी भरते. सकाळीं त्याचा मुलगा बाबांची झोप मोडूं नये म्हणून चवड्यांवर चालत शाळेला जातो. परदेश येथें आमच्या माजघरांतच येऊन राहिला आहे, आणि त्याचें भाडें त्या लहान पोरालाही भरावें लागतें.

अशांत त्याच्या धाकट्या बहिणीला जर्मनींतून नोकरीचें पत्र आलें. माझे थोरले बंधु पंचाहत्तरीला आले आहेत, आणि मुलीनें इतक्या दूर जावें हें त्यांच्या मनाला पटत नाहीं. वहिनींचें म्हणणें वेगळें पडलें. त्या म्हणाल्या, “थोरला घरांत असून दिसत नाहीं. ही गेली तर निदान ती येथें नाहीं एवढें तरी मनाला सांगतां येईल.” या बोलण्यावर पंक्तीला कोणीच कांहीं बोललें नाहीं.

मीं पुतणीला एकच विचारलें, “तेथें तुझें लिखाण वाचणार कोण?” ती म्हणाली, “काका, परीक्षेसाठीं लिहिलेलें माझें काम त्यांच्यांतल्या एका जुन्या बाईंनीं अकरा शेरे मारून परत पाठविलें. नऊ अगदीं बरोबर होते. दोहोंबद्दल मीं वाद घातला, आणि त्यांतला एक त्यांनीं मान्य केला. मला त्यांच्या हाताखालीं शिकावयाचें आहे.” मीं तिच्या बाजूनें मत दिलें. बंधूंनीं अजून होकार दिलेला नाहीं, आणि त्यांनीं घाईनें द्यावा असें मलाही वाटत नाहीं. बापाच्या मनाला पंचांगांतला मुहूर्त लागत नाहीं, त्याचा त्यालाच तो सांपडावा लागतो.

वाचकांच्या घरींही हा प्रसंग आज ना उद्यां येईल. पगाराचा आंकडा अवश्य विचारावा; परवान्याची मुदत, आजारीपणाची सोय, वर्षांतून घरीं किती दिवस येतां येईल, हेंही विचारावें. पण सर्वांआधीं विचारावें तें हें कीं, तेथें तुझे दोष दाखविणारा कोणी आहे काय? अलीकडे यंत्रच आज्ञावली लिहूं लागलें आहे. यापुढें नुसत्या लिहिणाऱ्यापेक्षां वाचून गुणदोष ओळखणाऱ्याची किंमत वाढेल, असें मला वाटतें. आणि ती दृष्टि चांगल्या परीक्षकाच्या सहवासावांचून येत नाहीं. असा परीक्षक सातासमुद्रांपलीकडे असेल तर मुलांना अडवूं नये, आणि घराजवळ असेल तर परवान्याच्या मोहानें त्यांना दूर लोटूं नये. राज्यें परवाने देतात व काढूनही घेतात; ही दृष्टि एकदां आली म्हणजे ती काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाहीं.