मामूंच्या फ्लॉपीतली अमानत

गेल्या पावसाळ्यात, रोवणी ऐन भरात असताना, आमच्या मोठ्या मामूंचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. चार दिवस आधी त्यांनी आम्हाला खाटेजवळ बसवून घेतले आणि म्हणाले, "बेटा, माझ्यावर कर्ज कुणाचे नाही. पण दोघींची अमानत राहून गेली. हिशेब निळ्या फ्लॉपीत आहे." कोण दोघी, हे त्यांना आठवेना. मुमानीलाही ठाऊक नव्हते.

कफन-दफनाच्या खर्चानंतर आधी कर्ज, मग वसीयत, मग वारसांचे हिस्से, हा क्रम आपल्या घरांत लहानथोर जाणतात. दुसऱ्याची अमानत तर मरणाऱ्याच्या मालात धरलीच जात नाही. मुमानी म्हणाल्या, "त्या दोघींचे पैसे पोचेपर्यंत या घरातले काहीही वाटले जाणार नाही." मुलांनी मान डोलावली. प्रश्न उरला फ्लॉपीचा.

आमचे बालपण इटियाडोहला, गाढवी नदीवरच्या धरणाजवळ गेले. अब्बा पाटबंधारे खात्यात होते. धरण 1970 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यावर अर्जुनी मोरगावच्या बांध्यांत धान पिकू लागले. मामू बरीच वर्षे सौदीत होते. 1992 मध्ये कायमचे परत आले आणि जवळच बी-खताचे दुकान टाकले. बँक लांब होती. मजुरी करणाऱ्या बायका हातात आलेले पैसे घरात टिकत नाहीत म्हणून मामूंकडे ठेवून जात. कुणी पन्नास, कुणी शंभर. मामू एक पैसा न घेता ते सांभाळत आणि मागतील तेव्हा परत करत.

हिशेबाच्या कागदी वह्या होत्या, पण त्या वाळवीने खाल्ल्या. उरले ते मामूंचे यंत्र.

ते यंत्र म्हणजे अमिगा 500. कमोडोर कंपनीने 1987 मध्ये काढलेला घरगुती संगणक. कीबोर्ड आणि संगणक एकाच डब्यात, फ्लॉपीचा ड्राईव्ह उजव्या कुशीला, पडदा म्हणून टीव्ही. चित्र आणि आवाजात त्या काळचा साधा पीसी त्याच्या जवळपास येत नसे. आम्ही शाळकरी मुले मामूंकडे जायचो ते त्यावरच्या खेळांसाठीच. पण कामधंद्याच्या दुनियेत तेव्हा डॉस, लोटस आणि वर्डस्टार चालत. हे प्रोग्राम अमिगावर चालत नसत, कारण अमिगाचा प्रोसेसर मोटोरोलाचा 68000 आणि पीसीचा इंटेलच्या घराण्यातला. दोघांची यंत्रभाषाच वेगळी.

यावर तेव्हा दोन उपाय होते. पहिला, दुभाष्यासारखा प्रोग्राम, जो पीसीची प्रत्येक आज्ञा उलगडून अमिगाच्या भाषेत सांगेल. असा 'ट्रान्सफॉर्मर' नावाचा प्रोग्राम 1986 मध्ये निघाला होता. काम व्हायचे, पण गोगलगायीच्या चालीने. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून हे आम्हाला चटकन समजते. एकेक वाक्य थांबून भाषांतर करत धडा शिकवला, तर तासाची घंटा होते आणि धडा अर्धाच राहतो.

दुसरा उपाय मामूंनी केला. पीसीची भाषा मुळातच जाणणारा दुसरा प्रोसेसर यंत्राच्या आत बसवायचा. हॉलंडच्या केसीएस कंपनीचा 'पॉवर पीसी बोर्ड' त्यांनी सौदीतच मिळवला होता. त्यावर एनईसीचा व्ही 30 प्रोसेसर आणि 1 एमबी मेमरी. अमिगाच्या पोटाखाली एक झाकण असते, त्याच्या आतल्या खाचेत तो बसतो. डॉसचे सगळे काम या पाहुण्याने करायचे. कीबोर्ड, पडदा आणि फ्लॉपीचा ड्राईव्ह मात्र घरमालक अमिगाचे. मामू हसून म्हणायचे, "एका घरात दोन चुली, पण भांडण नाही."

आता गेल्या वर्षीची गोष्ट. खोक्यात पाच निळ्या फ्लॉप्या निघाल्या. नागपूरला शिकणाऱ्या भाच्याने यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राईव्ह मागवला आणि मोठ्या ऐटीत पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर आले, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? त्याचे बोट 'हो'कडे निघालेले पाहून आम्ही त्याचा हात धरला. 'हो' म्हटले असते तर दोघींची नावे कायमची गेली असती.

मग माळ्यावरून अमिगा उतरवला. पांढरा डबा पिवळा पडलेला. अर्जुनीच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराने वीजपेटी तपासली, धूळ काढली, बोर्डाच्या पट्ट्या रबराने घासल्या. टीव्हीच्या पिवळ्या पिनेत वायर लावली, काळेपांढरे चित्र आले. आधी अमिगाची फ्लॉपी घातली, तिने बोर्ड जागा केला. मग डॉसची फ्लॉपी. तारीख आली 1 जानेवारी 1980. घड्याळ बंद पडले की डॉस तिथूनच मोजायला लागतो.

ड्राईव्ह एकच. लोटसची फ्लॉपी काढायची, हिशेबाची घालायची. पहिली उघडली, त्यात खताची उधारी. दुसरी आणि तिसरी वाचलीच गेली नाही. 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' हा एकच सवाल. मुमानी तसबीह घेऊन मागे बसल्या होत्या. चौथीलाही तोच सवाल आला. आम्ही 'रिट्राय'चे बटण दाबत राहिलो. सातव्या-आठव्या वेळी ड्राईव्ह घरघरला आणि तक्ता उघडला.

उर्दू अक्षरे त्या यंत्रात नव्हती, म्हणून मामूंनी उर्दू रोमन लिपीत लिहिले होते. वर 'अमानत', सन 1996, पत्त्यात जिल्हा भंडारा. आपला गोंदिया जिल्हा झाला 1999 मध्ये. एकेका ओळीपुढे 'अदा' लिहिलेले. फक्त दोन ओळींपुढे जागा कोरी. एक रोवणीला येणारी मजूर बाई, 640 रुपये. दुसरी गोठणगावजवळच्या तिबेटी वस्तीतली, हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरांत जाणारी बाई, 2,300 रुपये.

फ्लॉपी नव्या ड्राईव्हला का वाचता आली नाही, ते नंतर कळले. मामूंनी 1.44 एमबीच्या फ्लॉप्या अमिगाच्या जुन्या ड्राईव्हमध्ये 720 केबीवर फॉरमॅट केल्या होत्या. अशा फ्लॉपीला एक जास्तीचे भोक असते. जुना ड्राईव्ह ते पाहतच नाही. नवा पाहतो आणि चुकीच्या पद्धतीने वाचू लागतो. भोकावर चिकटपट्टी लावल्यावर चौथी फ्लॉपी भाच्याच्या लॅपटॉपवरही उघडली आणि आम्ही लगेच तिची नक्कल करून घेतली. दोन फ्लॉप्या मात्र कायमच्या गेल्या. जादा क्षमतेच्या फ्लॉपीवर कमी क्षमतेचे लिखाण कच्चेच राहते.

मजूर बाई हयात आहेत, वडशाला लेकीकडे राहतात. पैसे हातात दिले तर म्हणाल्या, "गुरुजी, मीच विसरून गेले होते. शेठ नाही विसरले." तिबेटी बाई वारल्या आहेत. त्यांच्या मुलीने कागदावरचे आईचे नाव बराच वेळ पाहिले. मुमानींनी अमानतीची रक्कम मोजून वेगळी दिली आणि इतक्या वर्षांच्या उशिरासाठी आपल्याकडून हदिया वेगळा दिला. त्यानंतरच घरात हिस्से झाले.

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूम कुरआन शरीफच्या सर्वांत लांब आयतीत आहे, सूरह बकराची 282 वी. मामूंनी लिहून ठेवले होते, प्रामाणिकपणे आणि त्या काळच्या उत्तम यंत्रावर. पण ते वाचण्याची वाट त्यांनी कुणाला दाखवली नव्हती. आज आपले हिशेब मोबाईलमध्ये, पासवर्डच्या आड असतात. उद्या मोबाईल बिघडला किंवा आपण नसलो, तर घरच्यांनी काय करावे?

आमच्या घरी आता एक वही आहे. देणे, घेणे, अमानत, सगळे साध्या शाईने लिहितो. दर रमजानमध्ये आम्ही आणि आमच्या बेगम ती एकत्र वाचतो, आणि ती कुठे ठेवली आहे हे मोठ्या मुलीलाही ठाऊक आहे. अमिगा पुसून, कापडात गुंडाळून परत माळ्यावर ठेवला आहे. चौथी फ्लॉपी मुमानीच्या पेटीत आहे. तक्त्यातल्या त्या दोन ओळींपुढे आम्ही, मामूंच्याच यंत्रावर, 'अदा' लिहिले आहे.