माग थांबला का नाही?

इचलकरंजीच्या आमच्या गल्लीत चोवीस तास मागांचा खडखडाट असे. पाळी बदलताना तो थोडा वेळ थांबे आणि त्या शांततेनेच आम्हा मुलांना जाग येई. मग अब्बा रात्रपाळी करून घरी येत. त्यांच्या भुवयांवर, मिशीवर, टोपीवर कापसाचा पांढरा भुरका बसलेला असे. दादी म्हणायची, "माझं पोरगं रोज एका रात्रीत म्हातारं होतं आणि तोंड धुतलं की पुन्हा जवान होतं."

इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे त्यांना उत्तेजन होते. पुढे गल्लोगल्ली शेड उभ्या राहिल्या आणि लोक गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. शाळेत या नावाचा आम्हाला फार अभिमान वाटे. पण या मँचेस्टरमध्ये एक माणूस किती माग सांभाळतो आणि त्याची मजुरी कशी ठरते, हे शाळेने कधी सांगितले नाही. पुढे मी तंत्रनिकेतनात पदविका घेतली, पुण्याजवळच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात लागलो, तेव्हा या विषयाची पुस्तके वाचली. तरीही विषय अर्धाच कळला. उरलेला अर्धा अब्बांनी शिकवला, आणि तो शिकताना माझी मान खाली गेली. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

अब्बा चार माग चालवत. त्यांच्या शेडमधला माग मिनिटाला साधारण 140 पिक मारी, म्हणजे धोटा तितक्या वेळा ताण्यातून आरपार जाई. इंचाला 52 पिकांचे कापड असेल तर एका मीटरला दोन हजारांवर पिक लागतात. म्हणजे एक मीटर विणायला जवळजवळ पंधरा मिनिटे. बारा तासांची पाळी एक क्षणही न थांबता चालली, तर एका मागावर 49 मीटर आणि चार मागांवर 196 मीटर कापड निघायला हवे. अब्बांचे निघत असे दीडशेच्या आसपास. मग उरलेले पंचेचाळीस मीटर कुठे जात होते?

पदविकेच्या दुसऱ्या वर्षी मी हा हिशेब वहीत मांडला आणि मोठ्या ऐटीत अब्बांना दाखवला. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि मला शेडमध्ये नेले. "इथं उभा राहा आणि मोज," म्हणाले.

मी मोजू लागलो. धोट्यातली कांडी सात-आठ मिनिटांत संपे. एकच माग असता तर ते काहीच नव्हते. पण माग चार, म्हणजे दर दोन मिनिटांनी कुठली तरी कांडी संपणार. अब्बा पहिल्या मागावर वाकून तुटलेली तार सांधत असत, तोवर तिसऱ्याची कांडी संपून तो उभा राही. तिसरा सुरू करून वळावे तर दुसऱ्याचा पट्टा घसरलेला. बीम संपला की वहिफणीवाल्याची वाट पाहायची. तो एकटाच आणि शेड तीन. तो येऊन नव्या बीमच्या तारा जोडून देईपर्यंत माग उभाच. वर वीज गेली तर सगळेच माग उभे. मी तासाभरात थकलो. अब्बा मात्र एकदाही बसले नव्हते. माग थांबत होता, माणूस थांबत नव्हता. माझ्या वहीतल्या हिशेबात मागांची संख्या होती, वेग होता, तास होते. एका माणसाला दोनच हात असतात, ही बाब तेवढी राहून गेली होती.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मी तिच्याकडे पाहिले नाही. अब्बांना मजुरी मीटरवर मिळत असे. माग उभा राहिला तर त्या वेळेची मजुरी शून्य. वहिफणीवाला उशिरा आला, तो दोष शेडच्या व्यवस्थेचा. वीज गेली, तो कुणाचा तरी. पण भुर्दंड मात्र अब्बांचा. मालकाचाही तोटा होई, नाही असे नाही. तोही मोठ्या व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीने कापड विणून देणारा खर्चीवाला होता. पण त्याचा तोटा महिनाअखेर वहीत दिसे आणि आमचा तोटा त्याच आठवड्यात अम्मीच्या बाजारात दिसे.

वरून कटतीची भीती. बाणा संपला की माग आपोआप थांबे, त्याची सोय होती. पण ताण्याची तार तुटली तर माग तसाच पुढे चाले आणि कापडात लांबच लांब चीर पडत जाई. मेंडिंगच्या टेबलावर ती सापडली की दिवाणजी अब्बांच्या नावापुढे कटती लिही. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला जाताना अब्बा आपले माग शेजारच्या मामांवर सोपवत. पौर्णिमेला मामा नृसिंहवाडीला जायला लवकर निघत, तेव्हा त्यांचे माग अब्बा बघत. त्या वेळी एका माणसाच्या गळ्यात आठ माग. तेवढ्यात चीर पडली तर ज्याचे माग त्याची कटती. दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नाही. बोल लावण्यासारखे त्यात काही नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

नोकरीत लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी कंपनीने आम्हाला टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे प्रशिक्षण दिले. सात प्रकारची नासाडी तिथे पाठ करून घेतली: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. मग जिदोका हा शब्द आला आणि मी सावरून बसलो. कारण मोटारींच्या या कंपनीचे मूळ मागात होते. साकिची टोयोडा यांनी 1896 मध्ये यंत्रमाग तयार केला. आईचे हातमागावरचे कष्ट पाहून ते या कामाला लागले, असे सांगतात. 1924 मध्ये त्यांचा स्वयंचलित माग आला. त्यात बाणा संपत आला की माग न थांबता धोटा बदलला जाई आणि ताण्याची तार तुटली की माग आपोआप थांबे. 1929 मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. टोयोटा मोटार कंपनी 1937 ची. पुढे तिची उत्पादन पद्धत घडवणारे ताइची ओनो हेही 1932 मध्ये टोयोडांच्या सूतगिरणी-कापड कंपनीतच नोकरीला लागले होते आणि 1943 मध्ये मोटारींकडे आले.

प्रशिक्षकाने फळ्यावर जिदोका हा शब्द जपानी लिपीत काढला. आपोआप चालणे या अर्थाच्या नेहमीच्या शब्दात हालचालीचे जे चिन्ह असते, त्याला इथे माणसाचे चिन्ह जोडलेले आहे, असे त्याने दाखवले. दोष दिसताच यंत्राने थांबायचे, म्हणजे माणसाला दिवसभर यंत्राची राखण करावी लागत नाही. मला अब्बांचा माग आठवला. इतके सगळे समजून उमजून मी पुढे जे केले, ते असे.

2006 चा मार्च महिना. आमच्या लाइनवर पंपाच्या एका भागात तेलासाठी बारीक भोक पाडले जाई. ड्रिल तुटले तर मशीन थांबवणारा सेन्सर तिथे बसवलेला होता. पण धातूचा कीस त्याच्यावर साचे आणि ड्रिल शाबूत असताना मशीन थांबे. पाळीत दहा-बारा वेळा. आमचे गणित असे होते: पाळीत कामाची 450 मिनिटे, ग्राहकाची मागणी 900 नग, म्हणजे दर तीस सेकंदांना एक नग निघायलाच हवा. पाच मिनिटे मशीन थांबले की दहा नग गेले. त्यात वर्षअखेर. वरून रोज विचारणा. मी मेंटेनन्सच्या माणसाला सांगून सेन्सर बायपास करून घेतला. कुठे लिहून ठेवले नाही. महिना संपला की पूर्ववत करू, असे मनाशी ठरवले.

चौथ्या रात्री ड्रिल तुटले. मशीन थांबले नाही. भोक नसलेले तीनशेहून जास्त नग पुढे गेले आणि त्यातले काही ग्राहकाकडे सापडले. त्या मशीनवर कंत्राटी पद्धतीने घेतलेला मराठवाड्यातला एक मुलगा होता. तो एकाच वेळी दोन मशीन सांभाळत होता. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले गेले: ऑपरेटरचे दुर्लक्ष. त्याखाली सही माझी. दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगण्यात आले. जाताना तो माझ्या टेबलाशी आला. "सर, माझ्या हिशेबाचं तेवढं बघा," इतकेच म्हणाला. सेन्सरबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही. त्याला ते ठाऊक होते की नव्हते, मला आजही माहीत नाही.

पुढच्या महिन्यात घरी गेलो. जेवणानंतर अब्बांना हा प्रसंग सांगितला. अर्थात माझ्या सोयीने. इतका माल वाया गेला, पोराचे लक्ष नव्हते वगैरे. मागांच्या आवाजाने अब्बांना तोवर कमी ऐकू येऊ लागले होते, म्हणून मोठ्याने सांगावे लागले. सगळे ऐकून त्यांनी आमच्या घरच्या दखनीत एवढेच विचारले, "मशीन कायकू रुकी नै?"

मी काहीतरी तांत्रिक बोलू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि मग मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. मी लहान असताना मालकाने बंद पडलेल्या गिरणीतले चार जुने माग आणले होते. त्यांच्या प्रत्येक तारेवर एक पातळ पत्री लटकलेली असे. तार तुटली की पत्री खाली पडे आणि माग थांबे. ते माग अब्बांकडे आले. पण तार नुसती ढिली झाली तरी पत्री पडे. माग सारखे थांबू लागले आणि आठवड्याची मजुरी उतरली. शेवटी अब्बांनी जॉबरला चहा पाजून ती व्यवस्था बांधून टाकली. मग माग थांबेनात, चिरा पडू लागल्या, कटती सुरू झाली. तरीही कटती वजा जाता हातात जास्तच पडत होते. "मालकाला सांगितलं नाही. तुझी फी भरायची होती," अब्बा म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "तूही बांधूनच ठेवलं होतंस ना?"

मी होय म्हणालो. अम्मी भांडी आवरता आवरता थांबली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अब्बांनी पत्री बांधली, मी सेन्सर बांधला. दोन्हीकडे कारण एकच होते: थांबण्याची शिक्षा दोष लपवण्याच्या शिक्षेपेक्षा मोठी होती. फरक एवढाच, की अब्बांनी आपल्या बांधण्याची कटती स्वतः भरली. माझी कटती दुसऱ्याच्या पोराने भरली. मजुराच्या हक्काबद्दल अब्बांनी लहानपणापासून कानावर घातलेले सगळे त्या रात्री आठवले. ते मी मालकांना उद्देशून सांगितलेले समजत आलो होतो. सही करणाऱ्यालाही ते लागू आहे, हे तेव्हा ध्यानात आले.

परत गेल्यावर मी दुसरा अहवाल लिहिला. सेन्सर माझ्या सांगण्यावरून बंद होता, हे त्यात लिहिले. कारण शोधत मागे गेलो तर कूलंटच्या नळीचे तोंड चुकीच्या दिशेला होते, म्हणून कीस सेन्सरवर साचत होता. नळी थोडी वळवली, पत्र्याचा एक लहानसा आडोसा लावला. दोन तासांचे काम. मग साहेबांच्या मागे लागून एक नियम करून घेतला, की दोषामुळे मशीन थांबले तर ती मिनिटे ऑपरेटरच्या नावावर मांडायची नाहीत. पहिल्या महिन्यात थांबण्याच्या नोंदी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि सगळे माझ्याकडे संशयाने बघू लागले. खरे तर मशीन पूर्वीही तितकेच थांबत होते. फक्त लोक आता खरे लिहू लागले होते. तीन-चार महिन्यांत नोंदी उतरल्या, कारण प्रत्येक नोंदीमागचे कारण सापडू लागले.

त्या वर्षी माझी बढती हुकली. त्याचे मला फारसे वाटले नाही. त्या मुलाचे मात्र वाटते. कंत्राटदाराकडून त्याचा नंबर घेतला, तो बंद होता. तो गावी गेला, इतकेच कळले. माझा दुसरा अहवाल फाइलला आहे. त्याच्यापर्यंत तो कधीच पोहोचला नाही.

अब्बा 2014 मध्ये गेले. गेल्या ईदला घरी गेलो, तेव्हा त्यांच्या जुन्या शेडकडे पाय वळले. तिथे आता बिनधोट्याचे माग आले आहेत. तार तुटली की क्षणात थांबतात, वर लाल दिवा लागतो. एक तरुण कामगार धावत जाऊन तार सांधत होता आणि लगेच दुसऱ्या दिव्याकडे पळत होता. थोडी उसंत मिळाल्यावर मी त्याला विचारले, "मजुरी महिन्यावर की मीटरवर?"

तो हसला. "मीटरवरच की, चाचा," म्हणाला आणि पुढच्या लाल दिव्याकडे धावला.